प्रोसेसरची उष्णता आणि कूलरची निवड

संगणकाच्या प्रोसेसरला मिळणारी वीज शेवटी जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णतेत रूपांतरित होते. पंपाला दिलेल्या विजेचा काही भाग पाणी वर चढवण्यात आणि दिव्याला दिलेल्या विजेचा काही भाग प्रकाशात खर्ची पडतो. प्रोसेसर मात्र यांत्रिक काम करत नाही की प्रकाशही देत नाही, त्याच्या पोटातील अब्जावधी ट्रान्झिस्टर दर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होत राहतात आणि त्या प्रत्येक उघडझापीत खर्च झालेली ऊर्जा सिलिकॉनच्या तुकड्यातच उष्णता होऊन साचते. त्यामुळे १०० वॅट वीज घेणारा प्रोसेसर म्हणजे १०० वॅट उष्णतेचा उगमही असतो, आणि ही उष्णता फार लहान जागेतून बाहेर काढावी लागते, हीच त्यातील खरी अडचण आहे. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेत आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणन करणारे आठ विभाग, ज्या एका चिपवर बसवलेले असतात तिचे क्षेत्रफळ जेमतेम ७० चौरस मिलिमीटर आहे. एवढ्याशा पृष्ठभागातून निघणारी उष्णता पसरवून खोलीतील हवेच्या स्वाधीन करणे, हे कूलरचे एकमेव काम होय.

हा प्रश्न संगणकाच्या जन्मापासूनचा नाही. इंटेल कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेल्या ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो एक वॅटपेक्षाही कमी वीज घेत असे. पुढची जवळजवळ दोन दशके घरगुती संगणकांतील प्रोसेसर कोणत्याही कूलरविना मदरबोर्डवर उघडे बसत, आणि ४८६ या पिढीतील अधिक वेगवान प्रोसेसर आल्यावर त्यांच्या डोक्यावर धातूचा तुकडा व छोटा पंखा दिसू लागला. १९९३ मध्ये आलेला पहिला पेंटियम सुमारे १५ वॅटपर्यंत पोहोचला होता, तर २००४ मधील प्रेस्कॉट या सांकेतिक नावाच्या पेंटियम ४ प्रोसेसरने १०० वॅटची मर्यादा ओलांडली. या वाढीमागे एक सैद्धांतिक कारण आहे. आयबीएममधील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये असे दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर जितका लहान करावा तितका त्याला लागणारा विद्युतदाबही कमी करता येतो, आणि म्हणून तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवले तरी त्या जागेतून निघणारी उष्णता वाढत नाही. हा हिशेब तीसेक वर्षे बऱ्यापैकी जुळत राहिला. परंतु २००५ च्या सुमारास ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की बंद अवस्थेतही त्यांतून वीज झिरपू लागली, विद्युतदाब आणखी उतरवणे अशक्य झाले आणि प्रत्येक चौरस मिलिमीटरमागची उष्णता चढत गेली. आजच्या घरगुती संगणकात पाव किलो ते सव्वा किलो वजनाचा धातूचा मनोरा दिसतो, त्याचे मूळ या मोडलेल्या हिशेबात आहे.

कूलर निवडताना पहिला गोंधळ उडतो तो टीडीपी या आकड्यामुळे. प्रोसेसरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेला हा आकडा वॅटमध्ये असल्यामुळे प्रोसेसर तेवढीच वीज घेत असावा असा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो आकडा निर्मात्याने गृहीत धरलेल्या काही अटींखालील शीतनाची गरज दर्शवतो, कमाल वीजवापर दर्शवत नाही. रायझन ९ ७९५०एक्स या प्रोसेसरचा जाहीर टीडीपी १७० वॅट आहे, तरी तो प्रत्यक्षात २३० वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. ६५ वॅट टीडीपीच्या रायझन ५ ७६०० साठी ही मर्यादा ८८ वॅट आहे. एएमडीच्या परिभाषेत या वरच्या मर्यादेला पीपीटी म्हणतात. इंटेल आपल्या अलीकडच्या प्रोसेसरांबाबत दोन्ही आकडे देते, ही चांगली गोष्ट आहे: कोअर आय९ १४९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट आणि कमाल टर्बो शक्ती २५३ वॅट अशी नोंदवलेली असते. ग्राहकाने कूलर निवडताना नेहमी यांपैकी मोठा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

तापमानाविषयीची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. प्रत्येक प्रोसेसरला एक कमाल तापमान ठरवून दिलेले असते. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ते १०० अंश सेल्सिअस असते, तर रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांत ९५ अंश असते. ही मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपला वेग आणि विद्युतदाब स्वतःहून कमी करतो, या क्रियेला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि त्यानेही भागले नाही तर संगणक बंद पडतो. त्यामुळे आजचा प्रोसेसर केवळ कूलर अपुरा आहे म्हणून जळून जात नाही. त्याचा वेग तेवढा घटतो आणि पंख्याचा आवाज वाढतो. जड काम चालू असताना ८० किंवा ८५ अंश तापमान दिसणे हे बिघाडाचे लक्षण नव्हे, किंबहुना रायझन ७००० मधील मोठे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच रचलेले आहेत असे खुद्द एएमडीने जाहीर केलेले आहे. चिंता करायची ती संगणक रिकामा बसलेला असताना ७० अंश दिसत असतील तर, किंवा काम सुरू होताच एका-दोन सेकंदांत तापमान कमाल मर्यादेला भिडत असेल तर; कारण असे होण्यामागे बहुधा कूलरचा आकार नसून त्याची चुकलेली बसवणी असते.

प्रोसेसरपासून हवेपर्यंतचा उष्णतेचा प्रवास एकाच वाटेने, टप्प्याटप्प्याने होतो आणि त्यातील सर्वांत दुबळा टप्पा संपूर्ण वाटेची क्षमता ठरवतो. सिलिकॉनमधून निघालेली उष्णता प्रथम प्रोसेसरवरच्या धातूच्या झाकणात जाते, तेथून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून कूलरच्या तळाला पोहोचते, तळातून हीट पाइप नावाच्या नळ्यांत, नळ्यांतून फिन म्हणजे पातळ पत्र्यांच्या थप्पीत आणि शेवटी त्या पत्र्यांमधून वाहणाऱ्या हवेत जाते. पदार्थाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ज्या एककात मोजतात त्यानुसार तांब्याचा आकडा सुमारे ४००, ॲल्युमिनिअमचा सुमारे २३७ आणि स्थिर हवेचा ०.०२६ आहे. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते खडबडीत असतात. एकमेकांवर ठेवल्यावर ते मोजक्याच बिंदूंवर टेकतात आणि उरलेल्या फटींत हवा, म्हणजे अतिशय मंद वाहक, अडकून राहते. थर्मल पेस्ट या फटी भरते. पेस्टची स्वतःची वाहकता साधारणपणे एक आकडी किंवा जेमतेम दोन आकडी असते, म्हणजे हवेच्या कितीतरी पट जास्त पण तांब्याच्या कितीतरी पट कमी. यावरूनच हे स्पष्ट व्हावे की पेस्टचा थर फटी भरण्यापुरता असावा, त्याहून जाड थर उष्णतेच्या वाटेत अडथळाच बनतो.

या साखळीतील सर्वांत विलक्षण दुवा म्हणजे हीट पाइप, आणि तो थोडा सविस्तर समजून घेण्यासारखा आहे. बाहेरून पाहता ती तांब्याची सहा किंवा आठ मिलिमीटर व्यासाची साधी नळी वाटते, पण ती भरीव नसते. तिच्या आतून बहुतेक हवा काढून घेतलेली असते, थोडेसे शुद्ध पाणी भरलेले असते आणि आतल्या भिंतीवर तांब्याच्या कणांना तापवून चिकटवलेला सच्छिद्र थर असतो. आत दाब अत्यल्प असल्यामुळे पाणी १०० अंशांची वाट न पाहता कितीतरी कमी तापमानाला बाष्प होते. प्रोसेसरजवळच्या टोकाला पाण्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा ते तांब्यातून उचलते, ज्या तत्त्वावर माठातले पाणी उन्हाळ्यात गार राहते तेच तत्त्व येथेही लागू पडते. मात्र माठातली वाफ हवेत निघून जाते, तर नळीतली वाफ दुसऱ्या, पत्र्यांकडच्या थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे संघनन होऊन पुन्हा पाणी बनते, उचललेली उष्णता ती पत्र्यांना देऊन टाकते आणि ते पाणी सच्छिद्र थरातून केशाकर्षणाने मूळ जागी परत येते. कोणताही हलणारा भाग नसताना, वीज न घेता हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते, आणि तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्याच्या दांड्यापेक्षा ही नळी कितीतरी पट अधिक उष्णता नेते. जनरल मोटर्समधील आर. एस. गॉग्लर यांना या कल्पनेचे एकस्व १९४४ मध्ये मिळाले होते, तथापि तिचा खरा विकास अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये केला आणि तिचे आरंभीचे उपयोग अवकाशयानांसाठी झाले. उपग्रहासाठी घडवलेले तंत्र आज दीड-दोन हजार रुपयांच्या कूलरमध्ये मिळते, याचे कौतुक वाटायला हवे. या नळ्यांनाही मर्यादा आहे: एका नळीने वाहून नेण्याजोग्या उष्णतेपेक्षा जास्त भार पडला तर पाणी परतण्याआधीच तापलेले टोक कोरडे पडते आणि तिची क्षमता एकदम कोसळते, म्हणूनच मोठ्या प्रोसेसरांसाठी चारऐवजी सहा किंवा सात नळ्यांचे कूलर बनवले जातात.

पत्र्यांमधून हवा खेळवणाऱ्या पंख्याचा विचार आवाजासह करावा लागतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवेचा प्रवाहही जवळपास दुप्पट होतो, परंतु त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज साधारणतः १५ डेसिबलने वाढतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की मोठा पंखा हळू फिरवून तेवढीच हवा मिळवणे हे लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर, आणि म्हणूनच १२० व १४० मिलिमीटरचे पंखे रूढ झाले आहेत. चार तारांच्या पंख्यात एक तार वेग नियंत्रित करण्यासाठी आणि एक तार वेग कळवण्यासाठी असते. तीन तारांच्या पंख्याचा वेग केवळ विद्युतदाब कमी-जास्त करून बदलावा लागतो, त्यामुळे आज कूलरसाठी चार तारांचाच पंखा घ्यावा.

पाण्यावर चालणारे कूलर, ज्यांना बाजारात लिक्विड कूलर किंवा एआयओ म्हणतात, ते या वाटेत हीट पाइपच्या जागी पंप, दोन लवचीक नळ्या आणि पंखे लावलेला रेडिएटर आणतात. उष्णता शेवटी त्याच खोलीच्या हवेत जाते. पाणी तिला केवळ प्रोसेसरपासून दूर, कॅबिनेटच्या कडेला नेऊन सोडते. याचे दोन खरे फायदे आहेत: २८० किंवा ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरला पत्र्यांचे क्षेत्रफळ भरपूर मिळते, आणि द्रवाला तापायला काही मिनिटे लागत असल्यामुळे थोड्या वेळाचा मोठा भार पंखे न गरजता सहज पेलता येतो. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पंप हा झिजणारा भाग आहे, नळ्यांच्या भिंतीतून द्रव वर्षागणिक अगदी मंद गतीने कमी होत जातो, आणि बंदिस्त संचात तो पुन्हा भरण्याची सोय बहुधा नसते. याउलट हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा, तोही काही मिनिटांत आणि थोडक्या खर्चात बदलता येतो. १२० मिलिमीटरचा एकच पंखा असलेला लिक्विड कूलर घेणे तर बहुतांशी व्यर्थ आहे, कारण त्याच किमतीचा किंवा स्वस्त हवेचा कूलर तेवढेच काम अधिक भरवशाने करतो. रंगीत दिवे आणि पडदे लावलेल्या लिक्विड कूलरांच्या जाहिरातींचा तरुण खरेदीदारांवर जो प्रभाव पडतो आहे, त्यातून अनेकांचे पैसे चुकीच्या जागी खर्च होत आहेत, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकासाठी या साऱ्यात आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते, ती म्हणजे खोलीचे तापमान. पंखा आणि पत्रे वापरणारा कोणताही कूलर, मग तो हवेचा असो वा द्रवाचा, प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त त्या दोन तापमानांतील अंतर कमी करतो. हे अंतर औष्णिक रोध या राशीने मोजतात, म्हणजे प्रत्येक वॅटमागे तापमान किती अंशांनी चढते ते. समजा, प्रोसेसरपासून खोलीच्या हवेपर्यंतचा एकूण रोध दर वॅटला अर्धा अंश आहे आणि प्रोसेसर ८८ वॅट घेत आहे, तर तो खोलीपेक्षा ४४ अंशांनी गरम राहील: २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ६८ अंश आणि मे महिन्यात ४२ अंशांवर गेलेल्या चंद्रपूर किंवा अकोल्यातील खोलीत ८६ अंश. हे चालण्यासारखे आहे. परंतु २३० वॅटच्या प्रोसेसरवर पाव अंश रोधाचा पुष्कळ चांगला कूलर बसवला तरी अंतर ५७.५ अंश होते, आणि तोच संगणक २४ अंशांच्या खोलीत ८१.५ अंशांवर निवांत चालेल, तर ४२ अंशांच्या खोलीत त्याची गणिती बेरीज ९९.५ येते, म्हणजे ९५ अंशांची मर्यादा असलेला प्रोसेसर वेग कमी करणारच. परदेशी परीक्षणांतील तापमाने बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत मोजलेली असतात. नागपूर, जळगाव किंवा परभणीच्या वाचकाने ती जशीच्या तशी न घेता आपल्या खोलीचा फरक त्यांत मिळवून पाहावा. कोकणात उष्मा तुलनेने कमी असला तरी दमट हवेत धूळ पत्र्यांना चिकटून बसते, आणि विदर्भात संगणकाच्या अगदी समोर खोलीचा पाण्याचा कूलर लावून तुषार उडवण्यापेक्षा खोली एकंदर गार ठेवणे शहाणपणाचे.

मग कोणता कूलर घ्यावा? कार्यालयीन काम, शिक्षण, चित्रपट आणि मध्यम खेळ यांसाठी ६५ वॅट टीडीपीचा प्रोसेसर घेतला असेल आणि त्याच्या खोक्यात कूलर मिळालेला असेल, तर त्यानेही काम भागते. फक्त तो उन्हाळ्यात आवाज करतो. इंटेलच्या नावाअखेर के हे अक्षर असलेल्या प्रोसेसरांसोबत आणि रायझन ७००० मधील एक्स अक्षर असलेल्या प्रोसेसरांसोबत कूलर येत नाही, तसेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत खोक्याविना विकल्या जाणाऱ्या, म्हणजे ट्रेमधील प्रोसेसरांसोबतही तो नसतो, हे किमतींची तुलना करताना लक्षात ठेवावे. साधारण १५० वॅटपर्यंत वीज घेणाऱ्या प्रोसेसरसाठी चार नळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा, एका मनोऱ्याचा कूलर ही बहुसंख्य घरांसाठी सर्वांत योग्य निवड होय. डीपकूलचा एके४०० हा या वर्गाचा परिचित नमुना आहे. त्यावरच्या प्रोसेसरांसाठी दोन मनोऱ्यांचे कूलर येतात. थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसईने हा वर्ग सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आणला, तर ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीचा २०१४ चा एनएच-डी१५ बराच महाग असूनही वर्षानुवर्षे तुलनेचा मापदंड मानला गेला. २०० वॅटच्या वर दीर्घकाळ काम करणारा, म्हणजे तासन्‌तास चलच्चित्र-संपादन किंवा त्रिमितीय चित्रांकन करणारा संगणक असेल तेव्हाच ३६० मिलिमीटरच्या लिक्विड कूलरचा खर्च समर्थनीय ठरतो.

निवड पक्की करण्यापूर्वी मापे घ्यावीत. मनोऱ्याची उंची हा नेहमी विसरला जाणारा आकडा आहे: एके४०० आणि पीअरलेस असॅसिन १२० एसई हे दोन्ही १५५ मिलिमीटर उंच आहेत, एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर आहे, आणि कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दिलेली कूलरची कमाल उंची याहून कमी असेल तर बाजूचे झाकण लागत नाही. दोन मनोऱ्यांच्या कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर येतो, त्यामुळे उंच सजावटी आवरणाची रॅम असेल तर पंखा वर सरकवावा लागतो आणि एकूण उंची तेवढीच वाढते. अगदी लहान कॅबिनेटसाठी नॉक्टुआच्या एनएच-एल९आयसारखे, अवघ्या ३७ मिलिमीटर उंचीचे कूलर आहेत, मात्र ते थोडी वीज घेणाऱ्या प्रोसेसरांपुरतेच. सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसरची बैठक, जुळते की नाही हेही पाहावे लागते. इंटेलच्या २००९ पासूनच्या घरगुती बैठकांत कूलरच्या छिद्रांमधील अंतर ७५ मिलिमीटर होते, ते २०२१ च्या एलजीए १७०० मध्ये ७८ मिलिमीटर झाले आणि २०२४ च्या एलजीए १८५१ मध्ये तसेच राहिले. म्हणून जुन्या कूलरला नवी पट्टी लागते. एएमडीने मात्र २०२२ च्या एएम५ बैठकीत एएम४ ची छिद्रे कायम ठेवली, त्यामुळे मदरबोर्डची मूळ बॅकप्लेट, म्हणजे पाठीमागचा आधारपत्रा, वापरणारे बहुतेक जुने कूलर तिथे थेट बसतात.

बसवणीसाठी लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: लांब दांड्याचा चौफुली स्क्रू-ड्रायव्हर, तूस न सोडणारे मऊ कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पेस्ट. वीजपुरवठा पूर्ण तोडावा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी आणि शक्यतो मदरबोर्ड आडवा ठेवूनच काम करावे. जुना कूलर काढायचा असेल तर संगणक आधी थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करून घ्यावी आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. एएम४ बैठकीत प्रोसेसरच्या खाली पिना असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून बैठकीतून उपसून येतो, मग पिना वाकण्याचा धोका असतो. जुनी पेस्ट दोन्ही पृष्ठभागांवरून अल्कोहोलने पूर्ण पुसावी. नव्या कूलरच्या तळावर संरक्षणासाठी चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म काढली आहे याची खात्री करावी, कारण ती तशीच राहिल्याने कोरा करकरीत कूलर निरुपयोगी ठरल्याच्या तक्रारी दुरुस्तीच्या दुकानांत नेहमीच येतात. झाकणाच्या मध्यभागी वाटाण्याएवढा पेस्टचा ठिपका पुरतो. मोठ्या झाकणासाठी फुलीच्या आकारात दोन बारीक रेघा ओढाव्यात. बोटाने पसरण्याची गरज नाही, कूलरच्या दाबाने पेस्ट आपोआप पसरते. गॅलियमयुक्त द्रवधातूची वाहकता बरीच जास्त असली तरी तो वीज वाहून नेतो आणि ॲल्युमिनिअम खातो, म्हणून सामान्य वापरकर्त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

कूलर एकदा पेस्टवर टेकला की पुन्हा उचलू नये. उचललाच तर पेस्ट पुसून नव्याने लावावी, नाहीतर थरात हवेचे बुडबुडे अडकतात. स्क्रू एका कोपऱ्याचा पूर्ण घट्ट करून मग दुसऱ्याकडे जाण्याची सवय सर्वांत घातक आहे, कारण त्याने तळ तिरका बसतो आणि प्रोसेसरच्या अर्ध्या भागावर दाबच येत नाही. प्रत्येक स्क्रूला दोन-तीन फेरे देत, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने घट्ट करत जावे आणि स्क्रू आपोआप थांबेल तेथे थांबावे. अधिक जोर लावून काही मिळत नाही. इंटेलच्या खोक्यातील कूलरला स्क्रूंऐवजी दाबून बसवायच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात; त्याही समोरासमोर दाबाव्यात आणि मदरबोर्डच्या मागून चारही टोके बाहेर आली आहेत का ते पाहावे. पंख्याची दिशाही तपासावी: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. बहुतेक कॅबिनेटमध्ये हवा पुढून येऊन मागून जाते, म्हणून कूलरचा प्रवाहही मागच्या पंख्याच्या दिशेने असावा. पंख्याची तार मदरबोर्डवरील सीपीयू फॅन असे छापलेल्या जोडणीतच लावावी, अन्यथा अनेक मदरबोर्ड सुरू होतानाच चूक दाखवतात. लिक्विड कूलर असेल तर पंप हा संपूर्ण संचातील सर्वांत उंच भाग होणार नाही अशा तऱ्हेने रेडिएटर लावावा, कारण आतली हवा नेहमी वर साचते आणि ती पंपात शिरली तर आवाज होतो व पंप लवकर झिजतो.

बसवणी झाल्यावर प्रथम बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, तापमान पाहावे, मग एचडब्ल्यूइन्फोसारखा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडून सिनेबेंचसारख्या चाचणीने प्रोसेसरवर पूर्ण भार टाकावा. हवेच्या कूलरला दहा मिनिटे आणि लिक्विड कूलरला अर्धा तास दिल्यावर जे तापमान स्थिरावते तेच खरे. ते जास्त वाटले तर नवा कूलर घेण्याआधी एक उपाय करून पाहावा, जो विनाखर्च आहे आणि तरीही फारसा कुणी करत नाही. प्रोसेसरची शक्ती वारंवारतेच्या पटीत आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि शेवटच्या काही टक्के वेगासाठी विद्युतदाब बराच चढवावा लागतो. म्हणून एएमडीच्या इको मोडने किंवा इंटेलच्या शक्तिमर्यादा बायोसमधून खाली आणून २३० वॅटचा प्रोसेसर पुष्कळ कमी विजेवर चालवला, तर तापमान मोठ्या प्रमाणात उतरते आणि वेगातील घट दैनंदिन कामात बहुधा जाणवतही नाही. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यासाठी महागड्या कूलरपेक्षा हा मार्ग सरस आहे.

धुळीच्या भागात वर्षातून दोनदा तरी पत्र्यांमधील धूळ मऊ कुंचल्याने आणि हवेच्या फवाऱ्याने काढावी, आणि तसे करताना पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत, कारण बाहेरच्या झोताने पंखा मर्यादेपलीकडे फिरला तर त्याचे बेअरिंग दुखावते. मोठा मनोरा बसवलेला संगणक कुरिअरने पाठवायचा असल्यास कूलर उतरवून वेगळा बांधावा. एक किलोचे वजन उभ्या मदरबोर्डला लटकलेले असताना बसणारा एकच धक्का बैठक मोडू शकतो. चांगला हवेचा कूलर दोन-तीन प्रोसेसरांचे आयुष्य सहज पाहतो, आणि नॉक्टुआसारख्या काही कंपन्या नव्या बैठकीसाठीच्या पट्ट्या जुन्या ग्राहकांना विनामूल्य पुरवतात. त्यासाठी खरेदीची पावती मागितली जाते, तेव्हा ती पावती आणि खोक्यात उरलेले स्क्रू व पट्ट्या वाचकांनी जपून ठेवाव्यात.